फळे, पनीर आणि पारख

धान्याच्या पेढीवर सारा जन्म घालविलेल्या मनुष्याने स्मरणिकेत कोशिंबिरीविषयी लिहावे, हे वाचकबंधूंस विचित्र वाटेल. परंतु आमच्या व्यापारी बुद्धीस जो धडा मिळाला, तो बेळगावच्या रविवार पेठेत नव्हे, तर घरच्या पाटावर मिळाला. म्हणून हा लेखनप्रपंच.

गतवर्षी दिवाळीच्या सुटीत पुण्यास शिकणारी आमची नात घरी आली. तिने मोठ्या हौसेने फळे आणि चीज यांचे सॅलड केले व पहिली ताटली आमच्यापुढे ठेवली. चीज हे नाव ऐकताच आम्ही ती दूर सारली. पोर इतकेच म्हणाली, “आजोबा, दाणे तळहातावर घेऊन पाहिल्यावाचून तुम्ही पोते परत पाठवता का?” आणि आत निघून गेली. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकशी केली. चीज करताना दूध साकळविण्यासाठी रेनेट नावाचे द्रव्य घालतात. पूर्वापार ते वासराच्या जठरातून काढीत. आता ते सूक्ष्म जीवांपासूनही तयार होते. नातीने आणलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका होता, म्हणजे त्यात वासराच्या जठराचा अंश नव्हता. मात्र हिरव्या ठिपक्याच्या मालातही मध व कंदमुळे असू शकतात, हे तेव्हाच ध्यानी आले. आणि तिच्या कृतीत मध होताच. तात्पर्य, आमचा नकार सर्वस्वी अनाठायी नव्हता. चुकली ती न विचारता नाकारण्याची रीत. तसे आम्ही तिला मोकळेपणाने सांगितले, आणि मग दोघांनी मिळून नवी कृती बसविली. ती भगिनीवर्गास उपयोगी पडावी म्हणून येथे देतो.

म्हशीचे १ लिटर दूध गाळून उकळावे. खाली उतरवून २ चमचे लिंबाचा रस थोड्या पाण्यात मिसळून हळूहळू घालावा. दूध फाटून पाणी निराळे झाले की स्वच्छ फडक्यात ओतावे, आंबटपणा जाण्यासाठी वरून गार पाणी घालावे व अर्धा तास वजनाखाली ठेवावे. सुमारे २०० ग्रॅम पनीर मिळते. खाली राहिलेले पाणी कणीक भिजविण्यास घ्यावे.

काकडी, द्राक्षे व डाळिंबाचे दाणे एकत्र करावेत. सफरचंद चिरताच काळे पडते, म्हणून ते शेवटी चिरून लगेच लिंबाचा रस लावावा. पनीरचे तुकडे, भाजलेले तीळ, मिरपूड व मधाऐवजी चिमूटभर पिठीसाखर घालावी. काकडीस पाणी सुटते, यास्तव मीठ वाढतेवेळीच घालावे. मोड आलेली कडधान्ये घालण्याची हल्ली रीत आहे. परंतु दूध-दही आणि द्विदल यांच्या संयोगाविषयी आपल्या घरांत शंका असते, तेव्हा कडधान्य पेढीवरच राहू द्यावे. अष्टमी-चतुर्दशीस हिरवे वर्ज्य करणाऱ्यांनी तो दिवस टाळावा. पदार्थ ताजा करावा आणि सूर्यास्तापूर्वी संपवावा.

त्या दिवशी आम्ही दोनदा मागून घेतले. पोरीच्या मुखावरील समाधान पाहून वाटले, नियम तर एकही मोडला नाही, मात्र घरचे माणूस दुरावता दुरावता राहिले. मुले-नातवंडे दूरच्या गावांहून नवनवे पदार्थ घरी आणणारच. जे वर्ज्य ते वर्ज्यच राहो. पण पारख केल्यावाचून ताटली दूर सारू नये, इतकीच आमची बंधुभगिनींस नम्र विनंती.