भुयाराचं तोंड कुठाय?

अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून थेट कौंडिण्यपूरपर्यंत भुयार आहे, हे आमच्या वेळच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असायचं. रुक्मिणी त्या भुयारातून दर्शनाला आली आणि कृष्णानं तिला इथूनच रथात घेतलं. मी एकदा आत्याला विचारलं, भुयाराचं तोंड कुठाय? ओटीचा नारळ सावरत ती म्हणाली, "काहून, तुले जाचं हाय काय त्याच्यातून?"

कौंडिण्यपूर तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर. अमरावतीहून सुमारे 40 किलोमीटर. भागवताच्या दहाव्या स्कंधातली रुक्मिणी अंबिकेच्या देवळाकडे पायी निघते, भोवती शस्त्रधारी पहारा. तिथं भुयार नाही, कारण त्याची गरजच नाही. गरज पडली ती देऊळ अमरावतीत आणि राजवाडा वर्धेकाठी मानल्यावर. ऐन लग्नाच्या तोंडावर नवरी मुलगी 40 किलोमीटर चालणार कशी? मग जमिनीखालून वाट निघाली. मला तर हे भुयार भाविकापेक्षा एखाद्या हिशेबनिसाचंच काम वाटतं.

खणून पाहणाऱ्यांनीही पाहिलं. मोरेश्वर दीक्षितांनी साठच्या दशकात कौंडिण्यपूरला उत्खनन केलं, 1968 मध्ये अहवाल आला. सातवाहनांच्याही आधीपासूनची वस्ती तिथं मिळाली. रुक्मिणी मिळाली नाही. खापरांवर कुणाच्या लेकीचं नाव लिहिलेलं नसतं.

नावं मात्र चिवट. कथेत कृष्णाकडून हरलेला रुक्मिणीचा भाऊ रुक्मी कुंडिनपुराला, म्हणजे कौंडिण्यपूरला, तोंड दाखवत नाही, भोजकट नावाचं नवं नगर वसवतो. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातला ताम्रपट मिळाला. त्यात हा मुलूख भोजकट राज्यातला म्हटला आहे. अमरावतीजवळची भातकुली म्हणजेच ते भोजकट, असं बरेच अभ्यासक मानतात. यानं रुक्मीची लढाई सिद्ध होत नाही. पण दीड हजार वर्षांपूर्वी सरकारी कागदात, म्हणजे तांब्यात, कथेतलं गाव नांदत होतं. चिखलदऱ्याचंही तसंच: भीमानं कीचकाला दरीत फेकलं म्हणून कीचकदरा, आणि हात धुतले ते भीमकुंड. कीचकाचं विराटनगर म्हणजे राजस्थानातलं बैराट, असं म्हणणाऱ्यांनी आमच्या वैराटच्या टेकडीवर येऊन भांडावं.

रुक्मिणीवर तर अरुणाचलातही हक्क सांगतात. रोइंगजवळचं भीष्मकनगर तिच्या वडिलांचं, असं तिथं म्हणतात. गुजरातेत माधवपूरला रामनवमीपासून तिच्या लग्नाची जत्रा भरते. यातलं खरं कोणतं, हा प्रश्न एकनाथांना पडला नसता. 1571 मध्ये काशीत पूर्ण केलेल्या 'रुक्मिणी स्वयंवरा'त त्यांनी जीव-शिवाचं लग्न लावलं. आणि तीच पोथी घरोघरी, मुलीचं लग्न जमावं म्हणून, वाचली गेली. रूपकानं बिचाऱ्यानं तेही काम केलं.

आषाढीसाठी कौंडिण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते. ही वारी 1594 पासूनची सांगतात. पंढरपुरात रुक्मिणी रुसून वेगळ्या देवळात उभी. तिला भेटायला माहेरची माणसं साडीचोळी घेऊन जातात.

भीष्मकनगरचं मी आत्याला सविस्तर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं. औंदा लुगडं कोन्त्या रंगाचं नेलं मंग?"