मैलांवरचा बट्टा

पेशवाईच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या बाजारपेठांत अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळी फिरत असत. त्यांत चांदवडी, अंकुशी अशा जाती होत्या, आणि एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत नेला की सराफ त्याचे वजन व कस पाहून त्यावर बट्टा, म्हणजे दर्शनी किमतीतून करायची कपात, लावत असे. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला आणि बट्ट्याचा व्यवहार हळूहळू मागे पडला. तरीही खाजगी टांकसाळीतून निघणारे आणि वर्षागणिक बट्टा खाणारे एक चलन आजही लक्षावधी लोकांच्या खात्यात जमा आहे. ते चलन म्हणजे विमान कंपन्यांचे पॉइंट किंवा मैल. फरक इतकाच की पेशवाईत नाणे पाडणारा, त्याची पारख करणारा आणि त्याच्या बदल्यात माल देणारा ही तीन वेगवेगळी माणसे होती. पॉइंटांच्या बाबतीत ही तिन्ही कामे एकच कंपनी करते, त्यामुळे बट्टा किती लावावा यावर तिला बाहेरून हरकत घेणारा सराफ उरलेला नाही.

या योजनांना फ्रिक्वेंट फ्लायर योजना, म्हणजे वारंवार विमानाने जाणाऱ्या गिऱ्हाइकाला बांधून ठेवणारी सवलत, असे नाव आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ॲडव्हांटेज ही योजना सुरू केली, तिला मोठे यश आले आणि जगभरच्या कंपन्यांनी तिची नक्कल केली. मूळ कल्पना साधी होती: प्रवाशाने जितके मैल उडावे तितके मैल त्याच्या नावावर जमा व्हावेत, आणि पुरेसे साठले की एक तिकीट फुकट मिळावे. ‘फुकट’ हा शब्द येथे सैल अर्थानेच घ्यावा लागतो, कारण अशा तिकिटावरही विमानतळाचे शुल्क, सरकारी कर आणि काही कंपन्यांच्या बाबतीत इंधनाचा अधिभार रोखीने भरावाच लागतो.

राजापूर तालुक्यातील नाटे हे जैतापूर खाडीच्या मुखाजवळचे, यशवंतगडाच्या सावलीतले गाव या विषयापासून वाटते तितके दूर नाही. या किनाऱ्यावरच्या अनेक घरांतली माणसे नोकरीसाठी पूर्वी बोटीने मुंबईला जात. पुढच्या पिढ्यांतली काही दुबई, कुवेत, मस्कत अशा आखाती शहरांत गेली, तर काही व्यापारी जहाजांवर चढली. त्यांचा विमानप्रवास हौसेचा नसून रजेच्या हिशेबाने होणारा असतो, म्हणजे ठरलेल्या मार्गावर, ठरावीक काळाने आणि शक्य तितक्या स्वस्त तिकिटावर. मुंबई ते दुबई हे अंतर सुमारे १,२०० मैल आहे. अंतरावर मैल मिळण्याच्या काळात अशा जाण्यायेण्यात २,४०० मैलांच्या आसपासचा हिशेब मांडता येत असे. अगदी स्वस्त तिकिटावर त्याचा काही भागच पदरात पडत असला, तरी अंतर कोणाच्या मर्जीने कमी होत नाही, एवढा आधार त्या हिशेबाला होता.

तो आधार गेल्या दहा-बारा वर्षांत काढून घेण्यात आला. डेल्टा आणि युनायटेड या अमेरिकी कंपन्यांनी २०१५ मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ मध्ये, ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये आणि एअर इंडियाने एप्रिल २०२४ पासून पॉइंट देण्याचे माप बदलले. किती मैल उडालात याऐवजी किती पैसे मोजलेत हे पाहिले जाऊ लागले. अमेरिकन आणि डेल्टाच्या मूळ रचनेत साध्या सभासदाला तिकिटाच्या दर डॉलरमागे ५ मैल मिळत, तर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सभासदाला ११. व्यापाराच्या दृष्टीने यात गैर काही नाही, कारण कोणताही दुकानदार मोठ्या गिऱ्हाइकाला अधिक जपतोच. परंतु याचा अर्थ असा की ज्याचे तिकीट त्याची कंपनी महागड्या दराने काढते त्याचे खाते फुगते, आणि जो नाटे गावचा माणूस तीन महिने आधी स्वस्तातले तिकीट शोधून घरी येतो त्याच्या खात्यात पूर्वीच्या मानाने चिल्लर पडते. प्रवास तोच, अंतर तेच, आणि काटकसर केली म्हणून मिळकत कमी.

घसरणीचा दुसरा भाग पॉइंट खर्च करताना दिसतो. पूर्वी कंपन्या अवॉर्ड चार्ट, म्हणजे कोणत्या विभागातून कोणत्या विभागात जाण्यासाठी किती मैल लागतील याचा छापील तक्ता, प्रसिद्ध करीत. डेल्टाने तो २०१५ मध्ये काढून टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये, आणि त्याऐवजी मागणीप्रमाणे बदलणारा दर आला; गणपतीच्या आठवड्यात किंवा मे महिन्यात रोख भाडे जसे चढते तसे पॉइंटांचे मोलही चढते. हा बट्टा डोळ्यांना दिसावा यासाठी एक साधा हिशेब पुरे आहे. तिकिटाच्या रोख भाड्यातून, पॉइंट वापरूनही भरावी लागणारी कराची रक्कम वजा करावी आणि उरलेल्या आकड्याला मागितलेल्या पॉइंटांनी भागावे. समजा, भाडे ५,००० रुपये, कर १,००० रुपये आणि मागणी १०,००० पॉइंटांची आहे. तर एका पॉइंटाला ४० पैसे मिळाले. उद्या त्याच तिकिटाला १६,००० पॉइंट मागितले तर ते २५ पैशांवर आले. खात्यातला आकडा एका अंकानेही कमी झालेला नाही, म्हणून सभासदाला काही गमावल्यासारखे वाटत नाही. बँकेने ठेवीतून पैसे कापले असते तर गावभर बोभाटा झाला असता.

पॉइंटांची किंमत उतरण्याचे मुख्य कारण कंपनीची लबाडी नसून त्यांचा सुळसुळाट आहे. आज मोठ्या योजनांतले बरेचसे पॉइंट विमानात बसून मिळत नाहीत. ते किराणा, पेट्रोल आणि विजेचे बिल क्रेडिट कार्डाने भरल्यावर मिळतात. बँक विमान कंपनीकडून हे पॉइंट घाऊक भावाने रोख पैसे देऊन विकत घेते आणि आपल्या कार्डधारकांना वाटते, त्यामुळे विमान कंपनीला आसन विकण्याआधीच पैसा मिळतो. हा धंदा किती मोठा आहे ते करोनाच्या काळात उघड झाले. २०२० मध्ये विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली मैल-योजनाच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. त्या वेळी या योजनेचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर धरले गेले होते, जे संपूर्ण विमान कंपनीच्या तेव्हाच्या शेअर बाजारातील किमतीहून कितीतरी अधिक होते. पॉइंट छापायला खर्च जवळजवळ नसतो, आसने मात्र मोजकीच असतात. नोटा वाढल्या आणि माल तेवढाच राहिला तर महागाई होते, हा बाजाराचा नियम पॉइंटांनाही चुकत नाही. शिवाय न वापरलेले पॉइंट हे कंपनीच्या हिशेबवहीत देणे म्हणून उभे असते; तिकिटाला अधिक पॉइंट मागितले की ते देणे हलके होते, आणि मुदत संपून जे पॉइंट वठलेच नाहीत ते कंपनीच्या उत्पन्नात जमा होतात.

मुंबईतून उडणाऱ्या मराठी प्रवाशाने बट्ट्यापेक्षा मोठे धक्केही पाहिले आहेत. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या किंग क्लबातील मैलांना कोणी वाली उरला नाही. जेट एअरवेजची गोष्ट अधिक बोधक आहे. मे १९९३ मध्ये मुंबईतून सुरू झालेली ही कंपनी आखाताकडे जाणाऱ्यांच्या ओळखीची होती, आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री तिचे शेवटचे विमान उतरले. तिची जेटप्रिव्हिलेज योजना मात्र काही वर्षे आधीच वेगळी कंपनी करून ठेवलेली होती व तिचा ५०.१ टक्के हिस्सा एतिहाद एअरवेजकडे होता, म्हणून विमाने गेली तरी मैल उरले. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांचे नाव इंटरमाइल्स झाले. चलन जिवंत आणि ते पाडणारे राज्य बुडालेले, असा हा प्रकार होता. ज्या मार्गासाठी मैल जमवले त्या मार्गावर जेटचे विमान मिळणे मात्र कायमचे संपले, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याचा, आदेश दिला. त्यानंतर पाचच दिवसांनी विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली. विस्ताराच्या सभासदांचे पॉइंट एकास एक या प्रमाणात एअर इंडियाच्या महाराजा क्लब या योजनेत आले. आकडा राखला गेला, परंतु तिकिटामागे किती पॉइंट मागायचे हे यापुढे नवी मालकीण ठरवणार होती.

याच काळात देशांतर्गत बाजाराचा निम्म्याहून अधिक हिस्सा काबीज करणाऱ्या इंडिगोने ऑगस्ट २००६ पासून तब्बल १८ वर्षे अशी कोणतीही योजना ठेवली नव्हती. ब्लूचिप नावाची योजना तिने २०२४ मध्ये आणली. स्वस्त आणि वेळेवर सुटणारे विमान मिळत असेल तर बहुतेक प्रवासी पॉइंटांवाचून अडत नाहीत, हे यावरून दिसते. नाटे परिसराला तर हे वेगळे सांगायला नको. दक्षिणेला चिपी येथे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या सिंधुदुर्ग विमानतळावर मुंबईची सेवा अलायन्स एअर देत होती, आणि एअर इंडिया टाटांकडे गेल्यावर अलायन्स एअर मात्र सरकारकडेच राहिल्याने महाराजाच्या पॉइंटांशी तिचा संबंध उरला नाही. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरात ती सेवाही बंद पडली.

ज्यांच्या घरात वर्षातून एक-दोनदाच विमानाचे तिकीट निघते त्यांनी केवळ पॉइंटांसाठी वार्षिक शुल्काचे कार्ड घेऊ नये आणि दोन हजार रुपये जादा मोजून एकाच कंपनीला चिकटूनही राहू नये. जे पॉइंट आधीच साठले असतील त्यांची मुदत आजच पाहावी, वर दिलेला हिशेब करावा, आणि मोल बरे येत असेल तर पुढच्याच फेरीत ते वापरून टाकावेत. म्हातारपणी युरोप पाहण्यासाठी ते राखून ठेवणे म्हणजे हापूस पुढच्या वर्षासाठी आढीत ठेवणे आहे. तुलनेसाठी, राजापूर रोड स्थानकावरून कोकण रेल्वेने मुंबई गाठणाऱ्याला आयआरसीटीसीच्या काही क्रेडिट कार्डांवर जो पॉइंट मिळतो, त्याची किंमत तिकीट काढताना सरळ एक रुपया धरली जाते.