पोरीचा खेळ, आईचा हिशोब

तव्यावर भाकरी होती आणि लेक म्हणाली, "आई, मी वाळूजची नोकरी सोडतेय. घरी बसून गेम बनवणार." माझी भाकरी करपली! पंचवीस वर्षांची पोर, घरात स्थळं यायला लागलेली, आणि ही म्हणते खेळ बनवणार. सासूबाई तर म्हणाल्या, "लहानपणी खेळली नाही का पुरेसं?"

रागावण्याआधी ऐकून घ्यावं, हे मी बचत गटात शिकले. म्हटलं, नीट समजावून सांग बाई.

तिनं सांगितलं ते मला पापडाच्या भाषेत कळलं. आपण पापड व्यापाऱ्याला दिले, तर तो आगाऊ पैसे देतो, दुकानात ठेवतो, पण आपला वाटा घेतो आणि पापड कसा हवा तेही तोच ठरवतो. गेमच्या धंद्यात या व्यापाऱ्याला प्रकाशक म्हणतात. प्रकाशकाशिवाय काम करणारे म्हणजे स्वतः लाटून स्वतः विकणारे. 'स्टीम' नावाच्या संगणकावरच्या बाजारात एका गेमसाठी १०० डॉलर भरायचे, आणि विक्रीतले साधारण ३० टक्के तो बाजार ठेवतो. मोबाईलच्या 'गुगल प्ले'वर एकदाच २५ डॉलर नोंदणी.

"हे इथं कुणाला जमलंय का?" मी विचारलं. तर उदाहरण पुण्याचंच निघालं. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड या तिघांच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'नं 'राजी' नावाचा खेळ केला. सर्कशीतली मुलगी, आपल्या धाकट्या भावाला सोडवायला राक्षसांशी लढणारी, पाठीशी दुर्गामाता. २०१७ साली त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरी काम थांबवलं नाही. पुढे प्रकाशक मिळाला, २०२० मध्ये खेळ बाजारात आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये नवोदितांच्या विभागात नामांकन मिळालं. मुलगी नायिका असलेला खेळ, म्हटल्यावर मीही जरा सरसावून बसले.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या एरिक बॅरोनची. शेतीचा खेळ, 'स्टारड्यू व्हॅली'. चित्रं, संगीत, सगळं एकट्यानं, साडेचार वर्षं. घरखर्चाचा बराच भार मैत्रिणीच्या कमाईवर. २०१६ मध्ये खेळ आला तेव्हा प्रकाशकाची मदत होती, नंतर संगणकावरचा कारभार त्यानं स्वतःकडे घेतला. २०२४ अखेरपर्यंत चार कोटींहून जास्त प्रती खपल्या.

पण मी हिशोबाची बाई. विचारलं, "आणि न खपलेल्यांचं काय?" ती गप्प झाली. मग खरं बोलली. २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले. त्यातल्या बहुतेकांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

रात्री झोप लागेना. बी.ए. झाल्यावर मला शिवणक्लास काढायचा होता. "आधी लग्न, मग काय ते," म्हणाले. ते 'मग' कधी आलंच नाही. तेच वाक्य मी लेकीला ऐकवू?

सकाळी वही काढली. ठरलं ते असं: एक वर्ष. पहिला खेळ छोटा. साठवलेल्या पैशांतले निम्मेच वापरायचे. कर्ज नाही, दागिने नाहीत. दर महिन्याला जमाखर्च लिहायचा आणि घरच्यांनी वर्षभर स्थळांचा विषय काढायचा नाही. यजमानांनी "बघू" म्हटलं. आमच्याकडे त्याचा अर्थ हो असाच असतो.

आता पाच महिने झालेत. दुष्काळात विहिरीवरून पाणी आणणाऱ्या मुलीचा खेळ चाललाय. लाइट गेली की पोर वैतागते. परवा गटाच्या बैठकीत तिनं लॅपटॉपवर तो दाखवला. सगळ्या वाकून वाकून बघत होत्या. आमच्यातल्या सर्वात म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "अगं, हंडा असा नसतो धरत. कमरेला टेकव, नाहीतर सांडंल की!"

लेकीनं रात्री बसून हंडा बदलला. खेळ खपेल का, ते ठाऊक नाही. वहीत जमेचा रकाना अजून कोराच आहे. पण पाणी आता सांडत नाही.