ऐकू न येणारी लय

समकालीन नृत्यातल्या जिद्दीची गोष्ट अस्ताद देबू यांच्यावाचून अपुरी आहे. १९४७ साली नवसारीत जन्म, कथक आणि कथकलीचं शिक्षण, कर्मभूमी मुंबई. कोलकात्यात आणि चेन्नईत त्यांनी कर्णबधिर मुलामुलींसोबत वर्षानुवर्षं नृत्यरचना बसवल्या. संगीत कानी पडत नसताना ताल सांभाळला जाई तो नजरेच्या इशाऱ्यांवर, मनात मोजलेल्या मात्रांवर आणि शेजारच्या नर्तकाच्या हालचालीवर. प्रेक्षकांची दया मात्र देबू यांना नकोच होती, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. दिल्लीत रस्त्यावर वाढलेल्या मुलांसोबत त्यांनी ‘ब्रेकिंग बाउंडरीज’ केलं. २००७मध्ये पद्मश्री, १० डिसेंबर २०२० रोजी मुंबईत निधन. दुर्गाडी पुलाअलीकडच्या कोन गावातल्या लोकांनाही पुलापलीकडे, कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात असं नृत्य पाहायला मिळायला हवं.