मास्तरांची फुंक

नंदुरबारच्या आमच्या घरात एक साठ मिनिटांची कॅसेट आहे. तिच्यावर काकांच्या लग्नाची वरात आहे. कुणीतरी टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवून बटण दाबलं असणार. आधी बायकांची गडबड, लहान पोरांचं ओरडणं, घोड्याच्या गळ्यातले घुंगरू. मग मोठ्या ड्रमचे दोन ठोके पडतात आणि ट्रम्पेट सुरू होतो. तो सुरू होण्याआधी बँडच्या मास्तरांनी घेतलेला श्वास नीट ऐकू येतो. त्या एका श्वासासाठी मी ही कॅसेट कितीदा लावली असेल, मोजदाद नाही.

लग्नाच्या बँडची वर्दी ही मुळात पलटणीची. खानदेश 1818 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि 1825 मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. कवायती पलटण म्हटली की बिगुल आणि ड्रम आलेच. देशभर अशा छावण्यांतूनच खांद्यावरच्या झालरी, गोंड्याच्या टोप्या आणि रांगेत चालत वाजवण्याची रीत लग्नाच्या मांडवापर्यंत पोचली. वाद्यांची वाटही तीच. मेरठची नादिर अली अँड कंपनी 1885 ची, आणि तिचे संस्थापक स्वतः लष्करी बँडचे मास्तर होते. आजही पितळी वाद्य घ्यायचं तर बँडवाले मेरठच्या जली कोठीचंच नाव घेतात.

बिगुलाला चावी नसते. ओठ आवळून, फुंक कमी-जास्त करून हाताशी लागतात ते जेमतेम पाच सूर: सा, प, वरचा सा, ग आणि वरचा प. उठा, जमा, झोपा, एवढं सांगायला ते पुरतात. पण हिंदी सिनेमातलं गाणं त्यांत मावत नाही. म्हणून लग्नात ट्रम्पेट आला. त्याला तीन पिस्टन. पहिला दाबला की सूर एका स्वराने उतरतो, दुसऱ्याने अर्ध्याने, तिसऱ्याने दीडने. आपल्या मास्तरांची कारागिरी याच्याही पुढची होती. पिस्टन पुरता न दाबता, अर्ध्यावर धरून ते सूर ओढायचे आणि मींड काढायचे. पितळेच्या नळीतून गळ्यासारखी मींड काढणं म्हणजे काय, हे ज्याने वाजवून पाहिलंय त्यालाच कळेल. आमच्या कॅसेटवर अशी एक जागा आहे. तिथे कुणीतरी खास अहिराणीत ओरडतो, ‘आखो एकदाव वाजाडा!’ आणि मास्तर खरोखर पुन्हा तीच ओळ घेतात.

ड्रमची गोष्ट मात्र पलटणीवर संपत नाही. इथल्या कानांवर सातपुड्याचा ढोल आहे. होळीच्या आधी धडगाव, मोलगीकडे भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हा गावोगावचे ढोल तिथे उतरतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत तर रात्रभर ढोल चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. गारठ्याने चामडं सैल पडलं की ढोल शेकोटीजवळ धरतात, ते तापून ताणलं गेलं की आवाज परत खडा होतो. ज्या मुलखात पायाला हा ठेका लागलेला आहे, तिथला बँडचा ड्रमवाला नुसता मार्च वाजवून सुटणार नाही. लोक नाचत नाहीत तोवर त्याची सुटका नसते. आमच्या कॅसेटवर तो मार्चने सुरुवात करतो आणि मारुतीच्या देवळापर्यंत पोचेस्तोवर टिमलीच्या नाचाच्या ठेक्यावर आलेला असतो.

पुढे कॅशिओ आला, बँजो आला, गाडीवर भोंगे चढले. मेहनत त्यातही आहे. पण एका कीबोर्डवर सगळे सूर मिळू लागल्यावर क्लॅरिनेटवाला, युफोनियमवाला यांची सुपारी कमी होत गेली आणि वरातीतून श्वासच गेला. याचं मला फार वाईट वाटतं.

असा आवाज दुसरीकडे जपला गेला आहे. अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांनी ड्रम आणि बिगुलांची पथकं काढली. मॅसॅच्युसेट्सच्या फ्लीटवुड कंपनीने त्यांच्या स्पर्धांच्या तबकड्या काढल्या आणि हौशी लोक त्या अजून जपतात. आपल्याकडे मात्र वराती ज्यांनी टेप केल्या त्यांनी त्या नवरा-नवरीसाठी केल्या. बँड त्यात सापडला तो योगायोगाने. ट्रंकांत, माळ्यांवर अशा किती कॅसेटी असतील! त्यांना पांढरी बुरशी धरण्याआधी त्या उतरवून घ्यायला हव्यात.

मी आमची उतरवली तेव्हा आवाज गोधडीखालून आल्यासारखा होता. टेपच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो केसभर फिरवला, हेडचा कोन पट्टीशी जुळला आणि झांजा अचानक लख्ख वाजायला लागल्या. ते ऐकायला मी एका जुन्या क्लॅरिनेटवाल्यांना बोलावलं होतं. लग्नसराईत त्यांनी कित्येक वर्षं याच रस्त्यांवर वाजवलंय. ते डोळे मिटून बसले. दुसऱ्या गाण्यात त्यांनी हात वर केला.

‘थांब. मागे घे जरा.’

मी मागे घेतलं.

‘इथं माझी पत्ती चिरली होती. ऐक, सूर फाटतोय. मास्तरांनी लगेच ओळ स्वतःकडे घेतली, बघ. कुणाला कळू दिलं नाही.’

मी इतकी वर्षं ऐकत होतो, मलाही कळलं नव्हतं. त्यांनी पुन्हा मागे घ्यायला लावलं. पत्तीचा सूर फाटतो, ड्रमचा एक ठोका जातो, आणि मग तो श्वास.

‘हां,’ ते म्हणाले, ‘हाच. आता पुढे जाऊ दे.’