स्पोर्टिंग रायफल : सांगाडा फौजेचा, गोळी मात्र वेगळी

ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास, बडोदा इथल्या काही जुन्या मराठी घरांतून आजही एखादी रायफल निघते. आजोबा किंवा पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते, त्या काळची. पुढच्या पिढीला ती चालवता येत नाही, लायसन्स कुठे आहे हे नीट ठाऊक नसते, आणि ‘ही तर शिकारीची, फौजेची थोडीच आहे’ एवढ्या भरवशावर ती कपाटात पडून राहते. शिकारीची आणि फौजेची यांत कायदा नेमका कशावरून फरक करतो, हे सभासदांना माहीत असावे म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडच्या बहुतेक शिकारी रायफली मुळात फौजेसाठी बनलेल्या नमुन्यांवरूनच तयार झाल्या आहेत. ‘स्पोर्टिंग’ हे नाव त्यांना पुढे मिळाले.

ली-एनफिल्डपासून सुरुवात

इंग्रजी फौजेची ‘थ्री-नॉट-थ्री’ आपण सर्वांनी पाहिली आहे, निदान पोलिसांच्या खांद्यावर. तिचे खरे नाव ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली हा तिच्या यंत्रणेचा कर्ता आणि एनफिल्ड हा इंग्लंडमधला सरकारी कारखाना. १८९५ साली ती फौजेत आली. हाताने बोल्ट मागे ओढायचा की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलला की मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत जाते. एकदा बोल्ट ओढला की एकच गोळी सुटते. मॅगझिनमध्ये दहा काडतुसे मावत.

ही यंत्रणा मजबूत होती, धूळ-चिखलातही अडत नसे. साहजिकच शिकाऱ्यांना ती हवी होती. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने (आपल्याला ही कंपनी सायकली आणि मोटारसायकलींमुळे ठाऊक आहे) याच यंत्रणेवर हलक्या, आखूड लाकडी दस्त्याच्या शिकारी रायफली काढल्या. नळीवरचे लांब लाकूड आणि संगीन लावायची सोय काढून टाकली, नेम धरायच्या खुणा बदलल्या. रूप पालटले, पण आतला सांगाडा तोच राहिला.

हिंदुस्थानात मात्र एक अडचण होती. इथे साध्या नागरिकाला फौजेची .३०३ गोळी मिळू द्यायची नाही, असे सरकारचे धोरण होते. १८५७ नंतर शस्त्रांवर कडक नजर होती आणि १८७८ साली शस्त्र कायदाही आला होता. विचार साधा होता. रायफल लोकांकडे गेली तरी फौजेच्या भांडारातून चोरलेली काडतुसे तिच्यात चालता कामा नयेत. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे राहतात, त्यातलाच हा प्रकार. एक किल्ली हातात आली तरी तिजोरी उघडत नाही.

म्हणून हिंदुस्थानसाठीच्या रायफलींना .३१५ इंच, म्हणजे ८ मिलिमीटरची नळी बसवली गेली. तिचे काडतूस .३०३ पेक्षा जाड आणि आखूड, त्यामुळे एकाचे दुसऱ्यात बसत नाही. गंमत अशी की हे .३१५ काडतूसही मुळात फौजेचेच, फक्त ऑस्ट्रियाच्या फौजेचे. इंग्रज सरकारला त्याची भीती नव्हती, कारण त्याचा साठा इथल्या कुठल्याही छावणीत नव्हता.

इतर उदाहरणे

हाच खेळ मोठ्या शिकारीच्या रायफलींतही झाला. जुन्या मार्टिनी-हेन्री या फौजी रायफलीची गोळी .४५० ची होती. बंडखोरांच्या हाती ती काडतुसे पडू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात .४५० वर बंदी घातली. तेव्हा इंग्लंडच्या बंदूक कारागिरांनी .४६५, .४७० असे नवे आकडे काढले. जुन्या संस्थानिकांच्या शस्त्रसंग्रहात हे आकडे दिसतात, त्यामागचे कारण हे.

जिम कॉर्बेट यांचे उदाहरण वाचकांना जवळचे वाटेल. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. तिची यंत्रणा जर्मनीच्या माउझर या फौजी रायफलीची आणि गोळीही माउझरचीच, ७ मिलिमीटरची. याच गोळीने बोअर युद्धात इंग्रज सैनिक पडले होते. रिग्बीने तिला .२७५ हे इंग्रजी नाव दिले, एवढेच.

स्वातंत्र्यानंतर

इंग्रज गेले, पण नियम राहिला. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात फौजेसाठी ली-एनफिल्ड बनतच होत्या. त्याच घराण्यातली .३१५ स्पोर्टिंग रायफल तिथे नागरिकांसाठी बनू लागली. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना भागात खांद्यावर जी ‘तीनशे पंधरा बोर’ दिसते ती हीच. तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत.

दरम्यान शिकारच बंद झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती वाट मिटवली. नेमबाजीच्या खेळात आज .२२ च्या आणि हवेच्या खास रायफली वापरतात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते .२२ च्या प्रकारात. म्हणजे .३१५ च्या नावात ‘स्पोर्टिंग’ असले तरी लोक ती घेतात स्वसंरक्षणासाठी.

कायदा आकडा बघतो

आता मुख्य मुद्दा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची फौजी गोळी जिच्यात बसते ती रायफल प्रतिबंधित बोरची. दस्ता कापलेला असो, वर चांदीचे नक्षीकाम असो वा ‘शिकारीसाठी’ म्हणून विकत घेतलेली असो, त्याने फरक पडत नाही. अशा शस्त्राचे लायसन्स केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. .३१५ प्रतिबंधित नाही, तिचे लायसन्स जिल्हा पातळीवर मिळते.

शिक्षेतला फरक पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधे शस्त्र विनापरवाना बाळगले तर दोन ते पाच वर्षे कैद आणि दंड, प्रतिबंधित शस्त्र असेल तर सात ते चौदा वर्षे. दोन्ही रायफली भिंतीवर टांगल्या तर आपल्याला सारख्याच दिसतील.

घरात जुनी रायफल असेल तर

१. आधी लायसन्सचे पुस्तक शोधा. बोर, नंबर आणि मुदत त्यात लिहिलेली असते. हल्ली लायसन्सची मुदत पाच वर्षांची असते.

२. ज्यांच्या नावावर लायसन्स होते ते वारले असतील, तर शस्त्र घरात ठेवणे वारसांसाठी कायदेशीर राहत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे आणि पावती घ्यायची. आधी ठाण्याला कळवा, मगच शस्त्र हलवा. स्वतः बोल्ट उघडून पाहू नका, आत काडतूस असू शकते.

३. जमा केले म्हणजे हक्क गेला असे नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाला आपल्या नावावर लायसन्स घेऊन ते परत मिळवता येते किंवा विकता येते. इतर वारसांची ना-हरकत लागते.

४. लायसन्सधारक हयात असतील आणि वय ७० झाले असेल, किंवा शस्त्र २५ वर्षे जवळ असेल, तर हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. आपल्या वयाच्या सभासदांनी हे जरूर करावे. मृत्युपत्र आणि नॉमिनेशन करतो तसेच हेही.

५. एका व्यक्तीला आता दोनच शस्त्रे ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यातच धरतात. तिसरे असेल त्यांना ते डिसेंबर २०२० पर्यंत जमा करायचे होते. राहून गेले असेल तर वकिलाचा सल्ला घेऊन लगेच पावले उचला.

६. शस्त्र किंवा काडतुसे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. नोकरीत असताना हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. बेकायदा किंवा धोकादायक वस्तू लॉकरमध्ये ठेवायला मनाई आहे.

आजोबांची आठवण म्हणून रायफल जपावीशी वाटणे स्वाभाविक आहे. तिचा फोटो, जुने लायसन्स, खरेदीची पावती जपून ठेवता येते. रायफल मात्र ज्याच्या नावावर लायसन्स आहे त्याच्याच ताब्यात असली पाहिजे. या दिवाळीच्या साफसफाईत ते लायसन्सचे पुस्तक एकदा उघडून बघा.