रिपोर्टवर शून्य आलंय, म्हणजे काही नाही?

सेलू, जिंतूर, पाथरीकडच्या बाईच्या स्तनात गाठ लागली की आधी परभणी गाठायची, तिथून गरज पडली तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. एवढ्या धावपळीत मॅमोग्राफीच्या रिपोर्टखाली 'बायराड्स ०' दिसलं, की 'शून्य, म्हणजे काही नाही' म्हणून फाइल कपाटात जाते. मला सगळ्यात जास्त भीती याच गैरसमजाची वाटते. या शून्याचा अर्थ तपासणी अपुरी आहे, सोनोग्राफी, जादा फिल्म किंवा जुन्या फिल्मशी तुलना बाकी आहे, एवढाच. काही नाही हे सांगणारा आकडा १. २ म्हणजे निरुपद्रवी. ३ मध्ये कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नसते, म्हणून बहुधा सहा महिन्यांनी परत बोलावतात. ४ आला की घरात रडारड होते, पण त्यात कर्करोगाची शक्यता २ ते ९५ टक्के, इतकी रुंद व्याप्ती आहे. तो निकाल नव्हे. सुईची तपासणी करा, असा तो निरोप आहे.

मॅमोग्राफी स्वच्छ आली, तरी हाताला लागणारी गाठ सोडायची नाही. तरुण वयात स्तनात ग्रंथींचा भाग जास्त असतो. तो फिल्मवर पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. अशा वेळी सोनोग्राफी हवीच. लोब्युलर प्रकारच्या कर्करोगात तर पेशी एकामागे एक रांगेत पसरतात, त्यामुळे ठळक गोळा दिसेलच असं नाही.

दुखत नाही म्हणून थांबणंही चूकच. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही.

उलटा घोळही होतो. स्तनाचा क्षयरोग किंवा ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस (कर्करोग नसलेली स्तनाची सूज) सोनोग्राफीवर हुबेहूब कर्करोगासारखा दिसू शकतो. आणि लाल, सुजलेला, संत्र्याच्या सालीसारखी कातडी झालेला स्तन 'पू झालाय' म्हणून औषधांवर ठेवला जातो, तेव्हा आत दाहक कर्करोग असू शकतो. अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि उतार नाही, तर तपासणीसाठी तुकडा काढायलाच हवा, म्हणजे बायोप्सी. क्षयाची शंका असेल तर एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न टाकता सलाइनमध्ये पाठवावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही.

'सुई लागली की गाठ पसरते' हे मात्र खरं नाही. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत जाड सुईने बारीक तुकडे घेतात. त्याने आयुष्य घटत नाही. निदान टाळल्याने घटतं. बायोप्सी 'साधी गाठ' म्हणाली आणि फिल्मवर बायराड्स ५, म्हणजे कर्करोगाची दाट शंका असेल, तर मात्र समाधान मानू नये. हाताची तपासणी, फिल्म आणि तुकडा या तिन्हींचा मेळ बसत नसेल तर बायोप्सी पुन्हा करावी लागते. असं सांगणारा डॉक्टर पैशासाठी करत नसतो, आपलं काम नीट करत असतो.

मॅमोग्राफीचं मशीन नाही म्हणून गावात काहीच होत नाही, असंही नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत होत्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी, पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. तिशीनंतर ही तपासणी आपल्या उपकेंद्रातही होऊ शकते, तेव्हा सिस्टरांना ती मागा. आणि पुढच्या दवाखान्यात जाताना नुसता कागद नेऊ नका, जुन्या फिल्म आणि सीडीही न्या.